निळ्या दुधाची साक्ष

मी एक जुनी तपकिरी बाटली आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझा कुणावरही पटकन विश्वास बसत नाही. तुमच्यावरही नाही. माझी गोष्ट वाचताना तुमच्या हातात बिस्किट असेल, तर त्या बिस्किटाबद्दल माझ्या मनात आत्ताच पाल चुकचुकली आहे. त्याला माझा इलाज नाही. माझ्या पोटात आयोडीनचं द्रावण आहे, आणि आयोडीनला जन्मभर एकच प्रश्न पडलेला असतो. समोरच्या पदार्थात पिष्ट लपलंय का?

पिष्ट म्हणजे स्टार्च. बटाट्यात असतं, तांदळात असतं, कणकेत असतं. माझा थेंब त्याच्यावर पडला की निळाकाळा रंग उमटतो. पिष्ट नसेल तर थेंब आपला पिवळट तपकिरीच राहतो. एवढंच मला येतं. पण हे एवढंच येणं एकदा एका मुलीच्या संसारावर बेतलं होतं. तीच हकिकत सांगायची आहे, पण आधी माझं स्वतःचं थोडं ऐकून घ्या, नाहीतर माझ्या साक्षीची किंमत तुम्हाला कळायची नाही.

काचेच्या कारखान्यात मला तपकिरी रंगाची घडवली. बरोबरच्या पांढऱ्या बाटल्या चकाकायच्या आणि माझ्याकडे बघून नाकं मुरडायच्या. मी म्हटलं, मुरडा. उजेडानं आयोडीन खराब होतं, म्हणून ते माझ्यासारखीच्याच पोटात ठेवतात हे मला नंतर कळलं. मग एका औषधाच्या कोठीत माझ्यात द्रावण भरलं. आयोडीनचे कण दिसायला काळे, चकचकीत. एकटे पाण्यात विरघळायला तयार नसतात. पोटॅशियम आयोडाइड नावाचा एक क्षार सोबतीला दिला की मुकाट्यानं विरघळतात. माझ्या तोंडाला काचेची बारीक नळी आणि तिच्या डोक्यावर रबरी फुगा बसवला. फुगा दाबला की थेंब पडतो. त्या फुग्याकडे लक्ष ठेवा, त्याचं काम पुढे आहे.

तिथून मी एका शाळेच्या प्रयोगशाळेत गेले. तिथल्या विज्ञानाच्या बाई मनानं मऊ होत्या आणि शिस्तीला कडक होत्या. त्यांचा पांढरा कोट इतका ताठ असायचा की खुंटीला टांगला तरी आत कुणी उभं आहे असं वाटावं. बाईंनी मला हातात घेतलं आणि वर्गाला म्हणाल्या, "ही बाटली फार संशयी आहे. हिच्यासमोर काही लपत नाही." मुलं हसली. मला मात्र ते बोलणं फार आवडलं. आपल्या स्वभावाला कुणी गुण म्हटलं की बरं वाटतंच.

बाईंचा एक धडा मला आजही पाठ आहे. त्यांनी मण्यांच्या काही माळा आणल्या होत्या. म्हणाल्या, "हा एकेक मणी म्हणजे ग्लुकोज, साधी साखर. असे शेकडो, हजारो मणी ओवले की जटिल कर्बोदक तयार होतं. आता गंमत बघा." त्यांनी पहिली माळ पेन्सिलीभोवती गुंडाळली आणि पेन्सिल हळूच काढून घेतली. माळ गोल जिन्यासारखी वळून राहिली, आत पोकळ. "हे पिष्ट. झाडं आपली शिल्लक अशी गुंडाळून ठेवतात, बटाट्यात, दाण्यात. आयोडीन या पोकळीत शिरून बसतं, म्हणून रंग निळा होतो."

मग दुसरी माळ. तिच्यात एक मणी सुलटा, पुढचा उलटा, असे ओवलेले. ती वळेचना. बाईंनी ती टेबलावर सरळ ताणली आणि तशाच आणखी दोन माळा तिला चिकटवून ठेवल्या. "हे सेल्युलोज. मणी तोच, ओवण्याची तऱ्हा वेगळी. या माळा शेजारी शेजारी उभ्या राहून एकमेकींचे हात घट्ट धरतात, म्हणून झाडाचं खोड उभं राहतं, कापसाचा धागा तुटत नाही. इथे आयोडीनला शिरायला जागाच नाही. कापसावर थेंब टाका, तपकिरीच राहील."

मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "बाई, मणी तोच आहे तर आपण कापूस का खात नाही?"

"कारण तुझ्या लाळेला सुलट्या मण्यांची गाठ सोडवता येते, उलटसुलट मण्यांची येत नाही. गाईलाही स्वतःहून येत नाही. पण तिच्या पोटात सूक्ष्मजीव राहतात, ते सोडवून देतात. म्हणून ती गवतावर जगते आणि तू जगत नाहीस."

मग त्यांनी त्या मुलीला पावाचा तुकडा चांगला चावायला लावला, इतका की ती वैतागली. न चावलेल्या पावावर माझा थेंब काळानिळा झाला. चावलेल्या लगद्यात थोड्या वेळानं टाकला, तर निळेपणा जेमतेम. लाळेनं माळ तोडून टाकली होती. दुसऱ्या दिवशी बाईंनी उकळलेल्या कलेजीचं पाणी आणलं. त्यात मी तांबूस झाले. आपल्या शरीराचीही शिल्लक असते, तिला ग्लायकोजेन म्हणतात, यकृतात आणि स्नायूंत साठते, आणि तिच्या माळेला झुडपासारख्या फांद्याच फांद्या असतात. धावायची वेळ आली की सगळ्या टोकांकडून एकदम मणी सुटे होतात. एका उनाडानं तर झुरळाचा पंख आणला. त्याच्यावर मी काहीच बोलले नाही. ते काइटिन, सेल्युलोजचं चुलत भावंड, तेही बांधणीचं सामान. सांगायचं काय, की साठवायची माळ वेगळी आणि बांधायची माळ वेगळी, हे मी जवळून पाहिलं आहे.

त्याच वर्षी एक अपघात झाला. बाई मला उचलत होत्या आणि एक थेंब त्यांच्या कोटाच्या बाहीवर पडला. कोट सुती, म्हणजे सेल्युलोज. मी निवांत होते. आणि बघते तर डाग निळाकाळा! माझा स्वतःवरचा विश्वास त्या दिवशी पहिल्यांदा डळमळला. बाई मात्र बाहीकडे बघून हसल्या. "अगं बाई, कोटाला खळ घातलीय ना मी." खळ म्हणजे कापड ताठ राहावं म्हणून लावतात ते पिष्टाचं पातळ द्रावण. "बघा मुलांनो," त्या म्हणाल्या, "कापूस निळा झालेला नाही, त्याच्यावर बसलेली खळ निळी झालीय. बाटलीनं खरं सांगितलं. आता ते कुठून आलं, हे शोधायचं काम आपलं." मुलांनी वहीत लिहून घेतलं. मी ऐकलं आणि कानामागे टाकलं. मला 'बाटलीनं खरं सांगितलं' एवढंच लक्षात ठेवायचं होतं.

पुढची बारा वर्षं माझी शानच होती. मग शाळेत नवं सामान आलं आणि मला खोक्यात टाकलं. खोक्यात उजेड नव्हता, ते माझ्या तब्येतीला बरंच होतं, पण कुणी विचारत नाही याचं दुःख उजेडापेक्षा वाईट. बाई निवृत्त झाल्या तेव्हा त्यांनी मला खोक्यातून काढलं, पदरचं ताजं द्रावण भरलं आणि आपल्या मुलीच्या हातात ठेवलं. मुलगी दूध संकलन केंद्रात तपासनीस होती. सगळे तिला ताई म्हणायचे.

केंद्र म्हणजे पत्र्याच्या छपराची एकच लांब खोली. एका भिंतीला मोरी, मधे दगडी ओटा, ओट्यावर परीक्षानळ्यांची लाकडी घोडी, कोपऱ्यात छोटी शेगडी. दाराबाहेर काळा फळा. रोज सकाळी माणसं कॅन घेऊन रांगेत उभी राहायची. ताई प्रत्येक कॅनमधलं चमचाभर दूध नळीत घ्यायची, उकळायची, पूर्ण गार होऊ द्यायची आणि मग माझे दोन थेंब टाकायची. गार होऊ द्यावंच लागतं. गरम असताना पिष्ट असलं तरी निळा रंग उमटत नाही, आणि मला खोटं ठरवलेलं मुळीच खपत नाही.

दुधात साखर असते, स्निग्धांश असतो, पिष्ट मात्र कधीही नसतं. गाय कितीही गवत चघळू दे, तिच्या सडातून पिष्ट येत नाही. म्हणून दूध निळं झालं, तर ते बाहेरून आलं. कुणीतरी पाणी घालून पातळ झालेलं दूध पिठानं दाट केलं, असंच सगळे धरतात. केंद्राचे प्रमुख याबाबतीत फार करडे. ते उठता बसता 'नियम म्हणजे नियम' म्हणायचे, म्हणून लोकांनी त्यांचं नाव नियमभाऊ ठेवलं होतं. त्यांचा नियम असा की लागोपाठ तीन सकाळी दूध निळं झालं, तर त्या घराचं दूध कायमचं बंद. निळं झाल्या दिवशीचं दूध परत आणि घराच्या नावापुढे फळ्यावर 'निळं' असं लिहायचं, येणाऱ्या जाणाऱ्यानं वाचावं म्हणून.

आणि मी? मी रांगेतल्या प्रत्येकाकडे चोर म्हणूनच बघायची. हा आज फार गोड बोलतोय, काहीतरी पाणी मुरतंय. ही आज बोलतच नाही, हिच्याही दुधात पाणी मुरतंय. असा माझा स्वभाव.

रांगेत एक काकू यायच्या. चार गाई, स्वतः धार काढायच्या. अठरा वर्षांत त्यांचं दूध एकदाही निळं झालं नव्हतं. त्यांना फारसं हसताना कुणी पाहिलं नव्हतं, पण त्यांच्या कॅनचं झाकण उघडलं की ताई निर्धास्त असायची. त्यांचा मुलगा नोकरीला लांब होता, महिन्यातून एकदा यायचा. त्याचं लग्न होऊन सून घरी आली, आणि काकूंची कंबर धरली. तेव्हापासून धार काकू काढायच्या, दूध गाळायचं आणि केंद्रावर आणायचं काम सुनेकडे आलं.

सून पहिल्या दिवशी आली तेव्हाच मला ती आवडली नाही. खाली मान, हळू आवाज, आणि सगळ्यांकडे बघून उगाच हसायची. सगळ्यांकडे बघून हसणाऱ्या माणसाच्या दुधात काय असतं कुणास ठाऊक, असं मी मनात म्हटलं. महिनाभर दूध चोख निघालं. मी म्हटलं, अजून रुळली नाही.

आणि एका सकाळी तिच्या नळीत माझे दोन थेंब पडले आणि दूध निळं झालं. फिकं नाही, चांगलं निळसर.

ताईनं नळी उजेडाकडे धरली. तिला पटेना, तिनं दुसऱ्या नळीत पुन्हा करून पाहिलं. पुन्हा निळं. तेव्हा ती जरा मोठ्यानंच म्हणाली, "काकूंच्या घरचं दूध निळं आलंय." मला तर विजय झाल्यासारखं वाटलं. खरं सांगते मित्रांनो, लाज वाटते आता.

"काय घातलंस दुधात?" नियमभाऊंनी विचारलं.

"काही नाही घातलं," सून म्हणाली.

"दुधात पिष्ट आपोआप येत नाही, बाळा. पीठ घातलंस का, खरं सांग. पहिली वेळ आहे."

"खरंच नाही घातलं, भाऊ."

"बरं. नियम म्हणजे नियम." ताईनं बाहेर जाऊन फळ्यावर लिहिलं. सुनेनं दूध परत उचललं. जाताना तिचं हसणं कुठल्या कुठे गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी काकू स्वतः आल्या, कंबरेवर हात ठेवून, सुनेच्या पुढे चार पावलं. आल्या आल्या म्हणाल्या, "ताई, आजची धार मी काढली, कॅन मी घासला, आणि पिठाचा डबा काल दुपारपासून कुलपात आहे. किल्ली माझ्या कमरेला." त्यांनी किल्ली दाखवलीसुद्धा. ताईला अवघडल्यासारखं झालं. सून भिंतीला टेकून उभी होती. तिनं कॅनच्या तोंडावरचं गाळण्याचं कापड सोडलं, घडी करून पिशवीत ठेवलं, आणि झाकण काढून दिलं.

दूध निळं झालं. कालच्यापेक्षा कमी, पण निळं.

काकू नळीकडे बघतच राहिल्या. मग वळून सुनेला म्हणाल्या, "मी वैरण टाकायला वळले तेवढ्यात केलंस?"

"आई, मी काहीच केलं नाही."

"अठरा वर्षं मी या ओट्याशी ताठ मानेनं उभी राहिले. महिन्याभरात तू माझं नाव त्या फळ्यावर नेलंस. कुणासाठी? कशासाठी दाट करायचं होतं तुला दूध?"

"तुमची शपथ घेऊन सांगते."

"माझी शपथ नको घेऊस," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त वाईट वाटलं. "उद्याही निळं झालं तर तू तुझ्या माहेरी जा. मुलाला मी सांगेन काय ते. माझ्या गोठ्यात संशयाचं माणूस नको."

सुनेनं कॅन उचलला. तिच्या हाताची बोटं कणकेच्या हिशेबानं बघितली मी, खोटं कशाला सांगू. नखांत पीठ दिसतंय का हे शोधत होते. पिठाचा डबा कुलपात असलेल्या घरात तिला पोळ्यांना पीठ मागून घ्यावं लागत असेल, रोज, मोजून, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

त्या दिवशी दुपारी केंद्र रिकामं झालं आणि मला काहीतरी टोचायला लागलं. काल दूध निळं झालं, आज कमी निळं झालं. ताईही त्या दोन नळ्या शेजारी लावून बघत बसली होती. "घाबरून कमी घातलं असेल," ती पुटपुटली. मलाही तसंच वाटलं. पण मग वाटलं, घाबरलेलं माणूस कमी कशाला घालेल, घालायचंच बंद करेल. आणि कुलपात डबा असताना घातलं कुठून? मी जन्मभर दुसऱ्यांवर संशय घेतला, पण स्वतःच्या संशयावर संशय घ्यायची ती माझी पहिलीच वेळ. मला बाईंची बाही आठवली. निळा डाग, ताठ कोट, आणि 'ते कुठून आलं, हे शोधायचं काम आपलं.' पण मित्रांनो, बाटलीला तोंड असतं ते थेंबापुरतं. ओरडून सांगता येत नाही.

तिसरी सकाळ. काकू आल्या, सून आली. सुनेच्या हातात कॅन होता आणि खांद्याला कपड्यांची एक छोटी पिशवी होती. म्हणजे इथूनच जायची तयारी करून आली होती. ती पिशवी बघून ताईचा चेहरा उतरला. रांगेतले लोक उगाच आपापल्या कॅनच्या झाकणांशी चाळा करत होते.

सुनेनं कॅनवरचं कापड सोडलं. पिशवी खांद्यावर होती, म्हणून तिनं कापड आज ओट्यावरच ठेवलं, माझ्या अगदी शेजारी. ताईनं दूध उकळलं, गार केलं, दोन थेंब टाकले. निळं. अगदी पुसट, नीट बघावं लागेल असं, पण निळं.

"तीन झाले," नियमभाऊ म्हणाले. त्यांनाही आनंद झाला नव्हता. "नियम म्हणजे..."

आता तो रबरी फुगा. तो जुना झाला होता, बुडाशी चीर गेली होती, आणि थेंब न दाबताही गळायचा. ताईच्या सुती अ‍ॅप्रनवर त्या सकाळीच माझे दोन तपकिरी ठिपके पडले होते. बदलायचा, बदलायचा म्हणून कुणी बदलला नव्हता. ताई मला जागेवर ठेवायला वळली आणि नळीतून एक थेंब गळला. मी मुद्दाम गळले का, ते विचारू नका. थेंब पडला तो सुनेच्या कापडावर.

आणि कापड काळंनिळं झालं.

ताई "अरेरे" म्हणत ते पुसायला गेली आणि मधेच थांबली. तिनं आपल्या अ‍ॅप्रनकडे पाहिलं. तिथे तपकिरी ठिपके. कापडाकडे पाहिलं. तिथे निळा. दोन्ही सुती. मी मनात म्हणत होते, आठव, तुझ्या आईची बाही आठव, घरी हजारदा ऐकलं असशील. तिनं कापड चिमटीत धरून चुरगाळलं. ते अजूनही जरासं कडक होतं.

"हे गाळायचं कापड कधीपासून वापरतेस?" तिनं सुनेला विचारलं.

"तीन दिवस झाले," सून म्हणाली. "जुनं विरलं होतं. त्यातून गवताच्या काड्या दुधात जायच्या. म्हणून माझ्या आईनं उशीच्या अभ्र्यांना कापड दिलं होतं, त्यातला तुकडा कापला. नवंकोरं होतं, स्वच्छ होतं. रोज थंड पाण्यातून काढते."

"धुवायच्या आधीच वापरलंस?"

"नवं होतं ना."

ताईनं शेगडीवर साधं पाणी गरम केलं. धारोष्ण दूध असतं तेवढं कोमट झाल्यावर ते त्या कापडातून नळीत गाळलं, उकळलं, पूर्ण गार होऊ दिलं. मग माझा एक थेंब. पाणी निळं झालं. पिठाचा कण नाही, कापडाला लागलेला दुधाचा थेंब असेल तेवढाच, आणि तरी पाणी निळं. नव्या कापडाच्या धाग्यांना गिरणीत लावलेली खळ कोमट दुधात उतरत होती. पहिल्या दिवशी जास्त, दुसऱ्या दिवशी कमी, तिसऱ्या दिवशी त्याहून कमी.

"तू हे आधी का नाही सांगितलंस?" नियमभाऊ म्हणाले.

सून पहिल्यांदाच मान वर करून बोलली. "सगळ्यांनी विचारलं, दुधात काय घातलं. दूध कशातून आलं, हे कुणी विचारलं नाही. मला तरी कुठे माहीत होतं."

मलाही ते विचारायचं सुचलं नव्हतं, आणि मी तर त्या खोलीतली सगळ्यात हुशार समजली जाणारी वस्तू.

ताईनं ते कापड सोड्याच्या पाण्यात उकळून, चोळून, तीन पाण्यांतून काढून परत दिलं. संध्याकाळी काकूंच्या घरचं दूध त्यातूनच गाळून आलं. माझे दोन थेंब पडले आणि पिवळट तपकिरीच राहिले. इतक्या वर्षांत न बदलणारा रंग बघून मला कधी एवढं हायसं वाटलं नव्हतं.

ताई फडकं घेऊन फळ्याशी गेली. नियमभाऊंना वाटलं ती नाव पुसणार. तिनं 'निळं' तसंच ठेवलं आणि त्याच्याखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'खळ कापडाची होती. चूक तपासणाऱ्याची होती.' आठ दिवस ते कुणी पुसायचं नाही असं तिनं बजावलं. नियमभाऊ म्हणाले, "असा काही नियम नाही." ताई म्हणाली, "मग करा." त्यांनी केला.

काकू हे सगळं दाराशी उभ्या राहून बघत होत्या. माफी मागायची त्यांना सवय नव्हती, ती अठरा वर्षांत कधी लागलीच नव्हती. त्यांनी कमरेची किल्ली सोडली, काही क्षण तळहातावर धरली, आणि मग सकाळपासून ओट्यापाशीच राहिलेल्या सुनेच्या कपड्यांच्या पिशवीत टाकली. ती पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली. "चल," म्हणाल्या, "हे ओझं मी घेते. कंबर दुखली तर दुखू दे." सून रडत होती, आणि माझ्या ध्यानात आलं की तीन दिवसांत ती एकदाही रडली नव्हती.

मित्रांनो, या गोष्टीला बरीच वर्षं झाली. ताई दुसरीकडे गेली, आणि तपासणीच्या ओट्याशी आता तीच सून उभी राहते. माझा फुगा तिनं बदलला. दर महिन्याला द्रावण ताजं करते, झाकण घट्ट लावते, काम झालं की मला कपाटाच्या अंधाऱ्या कप्प्यात ठेवते. आता एक यंत्रही आलं आहे, ते भराभर आकडे सांगतं, आणि मला कपाटातून काढायची वेळ कमीच येते. पण यंत्रानं कुणाचं दूध नाकारलं, की ती लगेच फळ्याकडे जात नाही. आधी मला बाहेर काढते. पहिला थेंब दुधात टाकत नाही, त्या माणसाच्या गाळण्यावर टाकते. मग त्याला बसायला स्टूल देते आणि विचारते, "दूध कशाकशातून आलं ते मला पहिल्यापासून सांगा."

माझी तुम्हाला एवढीच विनवणी आहे. तुमच्या प्रयोगशाळेत माझ्यासारखी बाटली असेल तर तिला उन्हात ठेवू नका, तिचं झाकण उघडं टाकू नका, फुग्याला चीर गेली तर बदला. तिचा थेंब निळा झाला तर तिच्यावर विश्वास ठेवा. आणि मग लगेच थांबू नका. मी अजूनही संशयी आहे, ते काही सुटत नाही. फक्त निळा रंग उमटला की पहिला संशय मी आता माझ्यावर घेते, आणि स्टुलावर बसलेल्या माणसाचं बोलणं संपेपर्यंत गप्प राहते.